‘साधीच सर्दी आहे हो’

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. गणपती तोंडावर आलेत, घराघरांतून आमंत्रणं सुटायला लागलीत, म्हणून आज लिहूनच टाकते. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

गेल्या वर्षी आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती होता. इथल्या घरांचा आकार तुम्हाला माहीतच आहे, त्यात पंचवीस-तीस माणसं. आरती झाली, मुलं वर-खाली धावत होती, आणि एक पाच वर्षांचा मुलगा मात्र सोफ्याच्या कोपऱ्यात मलूल बसलेला. त्याची आई सहज म्हणाली, “काल रात्री अंग गरम होतं, पण सकाळी औषध पाजलंय. साधीच सर्दी आहे हो. मोदक म्हटल्यावर घरी थांबेना.” मी हसले. त्याला मांडीवर घेतलं, मोदक भरवला, नाकही पुसलं.

चौथ्या दिवशी मला ताप आला. ३८.५. त्या संध्याकाळी मला जिना चढता येईना. पाय आहेत, पण माझे नाहीत असं काहीतरी. शेवटी पायरीवर बसून, हातांनी स्वतःला वर ढकलत, उलटी चढले. सात वर्षांची मुलगी खालून बघत होती. म्हणाली, “आई, तू बाळासारखी का चढतेस?”

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. एमएस. नऊ वर्षं झाली. त्या दिवशी खोलीत असलेल्या माणसांपैकी माझा नवरा सोडला तर हे कोणालाही माहीत नव्हतं.

म्हणून त्या मुलाच्या आईला मी दोष देत नाही. तिला कळणार कुठून? तिने ताप झाकला तो औषधाने, मी आजार झाकला तो लिपस्टिक आणि पैठणीने. आपण मराठी माणसं परदेशात एकमेकांना धरून असतो, हे आपलं बळ आहे. पण दोन्हीकडून झाकपाक चालू असेल तर त्याच एकत्र येण्यात एखाद्याचं मोठं नुकसान होऊ शकतं. मूल आजारी असेल तर ते आधी सांगा, आणि घरात असा आजार असेल तर तोही सांगा. माझं म्हणणं एवढंच आहे. पुढचं सगळं आहे ते ‘का’ एवढ्यासाठी.

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवरच्या आवरणावर हल्ला करते. वायरीवरचं प्लास्टिक कुरतडलं जावं तसं. हल्ला थांबला की शरीर थोडी डागडुजी करतं आणि माणूस पुन्हा चालायला-फिरायला लागतो. पण डागडुजी केलेली वायर नाजूक असते. शरीराचं तापमान थोडं जरी वाढलं, अगदी अर्ध्या अंशाने, तरी त्यातून संदेश नीट जात नाही. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्येच हे नोंदवून ठेवलं होतं: व्यायामाने अंग तापलं की काही रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक व्हायची. तुमच्या घरात ३८.५ ताप म्हणजे ‘आज खिचडी आणि झोप’. माझ्या घरात ३८.५ म्हणजे पाय गेले, जीभ जड झाली, बाथरूमपर्यंत जायला माणूस लागतो.

यात दिलासा एवढाच, की ताप उतरला की हे बहुतेक वेळा उतरतं. डॉक्टर याला खोटा रिलॅप्स म्हणतात. नवा हल्ला नसतो, जुन्या जखमा पुन्हा बोलतात. (लघवीच्या संसर्गानेही हेच होतं, कधी कधी अंगात ताप जाणवत नसतानाही. म्हणून पाय अचानक जड झाले की आमची नर्स आधी लघवी तपासायला सांगते.) माझेही पाय तीन दिवसांनी परत आले. मी सुटकेचा श्वास टाकला.

तो जरा लवकरच टाकला. तीन आठवड्यांनी, शाळा सुरू झाल्यावर, एका सकाळी मुलीची वेणी घालताना लक्षात आलं की डाव्या हाताच्या बोटांना केस लागतच नाहीयेत. पेड धरलेत की सुटलेत, बघितल्याशिवाय कळेना. त्या वेळी ताप नव्हता, सर्दी नव्हती. हा खरा रिलॅप्स होता. स्टेरॉइड झाले, एमआरआय झाला, मानेतल्या मज्जारज्जूवर नवा डाग निघाला. हात बराच सुधारलाय, पण आजही बारीक वेणी नवरा घालतो. यूट्यूबवर शिकला बिचारा.

त्या सर्दीमुळेच हे झालं असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कोणताही डॉक्टर म्हणणार नाही. पण हा संबंध हवेतलाही नाही. १९८५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनातला एक अभ्यास आला होता. एमएसच्या रुग्णांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवून त्यांनी पाहिलं, की विषाणूसंसर्गाच्या आगेमागे काही आठवडे रिलॅप्सचं प्रमाण इतर वेळेपेक्षा जवळजवळ तिप्पट होतं. त्याच वेळी हेही खरं, की बहुतेक सर्दी-पडशी काहीही न करता निघून गेली. म्हणजे प्रत्येक शिंकेला घाबरून दार बंद करायचं कारण नाही. पण ‘साधीच सर्दी’ हा शब्दप्रयोग सगळ्यांच्या घरात सारखा चालत नाही.

आता औषधांबद्दल. इथे गैरसमज फार आहेत. एमएसची सगळी औषधं एकसारखी नाहीत. इंटरफेरॉनची जुनी इंजेक्शनं प्रतिकारशक्ती फारशी दाबत नाहीत. मी घेते ते शिरेतून सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं औषध, ते रक्तातल्या बी पेशीच काढून टाकतं. अँटीबॉडी बनवण्याचं काम याच पेशींच्या वंशातून होतं. त्यामुळे रिलॅप्स कमी होतात, पण संसर्ग झाला तर तो रेंगाळतो, आणि लस घेतली तरी शरीर तिचा धडा अर्धवटच शिकतं. कोविडच्या काळात अशा औषधांवर असलेल्यांना आजार जास्त तीव्र झाला, हे अनेक देशांत दिसलं. म्हणून माझ्या लशी इन्फ्युजनच्या तारखा बघून ठरतात. पुढचा डोस यायच्या काही आठवडे आधी लस घेतली तर शरीर थोडंफार तरी शिकतं. फ्लूची सुई कधी घ्यायची हे मी औषधाच्या दुकानात शिरता शिरता ठरवत नाही, एमएस नर्सला विचारते.

आणि इथेच दरवर्षी कोणीतरी प्रेमाने म्हणतं, “अगं, इम्युनिटी वाढव.” गुळवेलाचा काढा, अश्वगंधा, कसल्या कसल्या गोळ्या. माझी सासू सहा महिन्यांच्या व्हिसावर आली तेव्हा बॅगेत गुळवेलाची पावडर घेऊनच आली होती. त्यामागची माया मला कळते. पण माझी प्रतिकारशक्ती दुबळी आहे म्हणून मी आजारी नाही. ती चुकीच्या घरावर दगड मारते म्हणून मी आजारी आहे. तिला आणखी दगड आणून देऊन काय होणार? २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. इजा ऑटोइम्यून हिपॅटायटिससारखी होती आणि त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून आजार होते. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता, त्यावर वादही झाला. वाद तज्ज्ञ घालोत. ज्याचं शरीर आधीच स्वतःवर उलटलंय त्याने तो प्रयोग स्वतःवर करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. सासूबाईंना मी हळद-दूध करून द्यायला लावलं. त्याही खूश, मीही.

पण भारतातून येणाऱ्या बॅगेतली मला खरी भीती वाटते ती काढ्याची नाही, अँटिबायोटिकची. आपल्या प्रत्येकाच्या घरात ती एक पिशवी असते ना? तापाच्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, आणि ‘इथे जीपी देत नाही’ म्हणून आणलेली अझिथ्रोमायसिनची दोन-तीन पाकिटं. माझ्या मैत्रिणीचा नवरा, आखाती देशात असतो, त्याला मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे. हाही ऑटोइम्यूनच, पण इथे हल्ला होतो तो नस आणि स्नायू जिथे जोडले जातात त्या जागेवर. पापण्या मिटतात, घास गिळता येत नाही, दिवस कलतो तसा आवाज नाकात जातो. त्याला मुलांकडून खोकला लागला. दोन दिवसांनी कोणीतरी पिशवीतली अझिथ्रोमायसिन काढून दिली. तिसऱ्या दिवशी तो आयसीयूत, व्हेंटिलेटरवर.

मायस्थेनियात संसर्ग हेच क्रायसिसचं सगळ्यात नेहमीचं कारण आहे, त्यामुळे खोकल्याने झालं की गोळीने झालं हे कोण सांगणार. पण अझिथ्रोमायसिनने आणि सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीच्या गोळ्यांनी या आजारात स्नायू आणखी ढेपाळू शकतात. हे त्या औषधांच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या गटावर तर अमेरिकेच्या एफडीएने २०११ पासून ठळक चौकटीत इशारा छापायला लावलाय. मॅग्नेशियमचंही तेच. ज्याच्या घरी मायस्थेनियाचा माणूस आहे त्याने ती पिशवी आजच उघडून बघा, आणि कोणतीही नवी गोळी देण्याआधी न्यूरॉलॉजीवाल्यांना विचारा.

या आजारात आणखी एक फसगत होते. बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र शेवटपर्यंत ‘९७, ९८’ दाखवत राहू शकतं. कारण फुप्फुसं ठीक असतात, दमतात ते श्वास ओढणारे स्नायू. त्यापेक्षा त्याला दीर्घ श्वास घेऊन एका दमात मोठ्याने आकडे म्हणायला सांगा. एरवी तिशी-चाळिशी सहज गाठणारा माणूस विसाच्या आत थांबला, किंवा थुंकी गिळताना ठसका लागला, की वाट बघायची नाही, अँब्युलन्स बोलवायची. माझ्या मैत्रिणीला हे आधी कोणी सांगितलं नव्हतं. ती यंत्राकडे बघत बसली होती.

आणि स्टेरॉइडवर असलेल्यांनी ‘ताप आलाय, तर या गोळ्या दोन दिवस बंद ठेवू’ असं परस्पर कधीही करू नये. बरेच महिने स्टेरॉइड घेतल्यावर शरीर स्वतःचं बनवायचं विसरतं. तापात त्याची गरज उलट वाढते, आणि नेमकं तेव्हाच बंद केलं तर माणूस कोसळतो.

लशींबद्दल मला खूप मेसेज येतील, म्हणून आधीच लिहिते. ‘लस घेतली की एमएस उसळतो’ असं ऐकून बरेच जण टाळतात. २००१ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये युरोपातल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला, त्यात लशीनंतर रिलॅप्स वाढल्याचं दिसलं नाही. आमच्यासारख्यांना टाळायच्या असतात त्या जिवंत विषाणूच्या लशी. गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर. फ्लूची नेहमीची सुई जिवंत नसते. इथे ब्रिटनमध्ये प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याच्या घरातल्या माणसांनाही फ्लूची लस एनएचएसकडून फुकट मिळते, हे किती जणांना ठाऊक आहे? माझ्या नवऱ्याला चार वर्षं ठाऊक नव्हतं. माझी लस अर्धवट चालते, म्हणून माझं खरं कवच म्हणजे माझ्याभोवतीची लस घेतलेली माणसं. भारतातून येणारे आजी-आजोबाही त्यात आले.

कांजिण्यांचं वेगळं सांगते, कारण ते आपल्याला विशेष लागू आहे. उष्ण प्रदेशात कांजिण्या बऱ्याच जणांना लहानपणी होतच नाहीत, मोठेपणी होतात. म्हणजे आपल्यातल्या अनेक आयांना, बाबांना त्या कधी झालेल्याच नसतात. भारताच्या सरकारी लसीकरणात ही लस नाही. अमेरिकेत ती १९९५ पासून दिली जाते, पण इंग्लंडमध्ये मुलांच्या नेहमीच्या लशींत ती आली जानेवारी २०२६ मध्ये. म्हणजे इथल्या शाळेत जाणाऱ्या बहुतेक मुलांना ती सरकारी वेळापत्रकात मिळालेलीच नाही, आणि नर्सरीत कांजिण्या फिरत असतात. प्रतिकारशक्ती दाबलेल्या मोठ्या माणसाला कांजिण्या झाल्या तर त्या फुप्फुसात, मेंदूत जाऊ शकतात. एमएसचं औषध सुरू करण्याआधी रक्त तपासून बघतात ते याचसाठी, कारण औषध सुरू झाल्यावर ती जिवंत लस देता येत नाही. पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच मूल संसर्ग देत असतं, त्यामुळे इथे कोणाची चूक नसते. पण दुसऱ्या दिवशी मुलाच्या अंगावर फोड दिसले, तर काल ज्यांच्या घरी जेवून आलात त्यांना त्याच क्षणी फोन करा. लाज कसली? वेळेत कळलं तर अशा माणसाला विषाणूविरोधी गोळ्या देता येतात. आठवड्याभराने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो बघून कळलं तर ती वेळ निघून जाऊ शकते.

आता मुलांचं. हा भाग लिहायला मला सगळ्यात जड जातोय. माझ्या त्या रिलॅप्सनंतर थोरल्याने, तो अकरा वर्षांचा आहे, शाळेत सर्दी झाली तेव्हा घरी सांगितलंच नाही. बाहीला नाक पुसत राहिला आणि माझ्याजवळ यायचं टाळत राहिला. विचारलं तर रडला. “माझ्यामुळे तुझे पाय गेले तर?” मी या पोस्टमध्ये जे सगळं लिहितेय, त्यातलं अर्धं त्याने आमच्या कुजबुजीतून ऐकलं होतं आणि बाकीचं स्वतःच जुळवलं होतं. तेव्हा बसवून सांगितलं, की विषाणू बसमध्ये असतो, लिफ्टमध्ये असतो, बाबाच्या ऑफिसात असतो, तो तुझा नाही. तुझं काम फक्त सांगणं. बाकी काळजी मोठ्यांची. आमच्या घरी आता नियम आहे: घसा दुखला तर सकाळी दात घासताना सांगायचं, मग खिडक्या उघडतात, आईचा टॉवेल वेगळा होतो, रात्री शेजारी बाबा झोपतो. कोणावर ओरडायचं नाही. मुलांना आजाराची माहिती द्या, अपराध देऊ नका. आपल्याकडे ‘बघ, तुझ्यामुळे आई आजारी पडली’ हे वाक्य फार सहज तोंडात येतं.

दुसरा प्रश्न मुलांबद्दलचाच, ‘मग हे आमच्या मुलांना होईल का?’ २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये अमेरिकी सैन्यातल्या १ कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवर आधारलेला अभ्यास आला. एपस्टीन-बार नावाच्या विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढतो असं त्यात दिसलं. आकडा मोठा वाटतो. पण हा विषाणू जगातल्या जवळजवळ सगळ्याच मोठ्या माणसांच्या शरीरात असतो आणि त्यातल्या अगदी थोड्यांना एमएस होतो. तेव्हा मुलांना उष्टं खाऊ न देऊन काही साधणार नाही. पुण्यात २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रोडच्या बाजूला जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हाही आपल्या ग्रुपवर असाच गोंधळ उडाला होता. तिथे मुख्य संशय पोटाच्या संसर्गावर होता, कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूवर. काही नमुन्यांत नोरोव्हायरसही सापडला. संसर्ग येऊन जातो, आणि त्याच्याशी लढायला उठलेली फौज माघारी न जाता नसांवर वळते. बहुतेकांच्या बाबतीत ती गुपचूप माघारी जाते, म्हणून तर आपण सगळे चालतोय.

नऊ वर्षं मी हे का लपवलं? सांगलीला सासरी ‘मणक्याचा त्रास’ म्हणून सांगितलंय. नोकरीत कळलं तर काय, ही भीती. ‘बिचारी’ ऐकायचं नव्हतं. आणि खरं सांगू? पुढे मुलीच्या लग्नात कोणी विचारलं तर, असला विचारही मनात येऊन गेला, ती सात वर्षांची असताना. आपल्यात डायबिटीस चारचौघांत सांगतात, साखरेशिवाय चहा मागतात. मेंदूचं, नसांचं काही असलं की मात्र आवाज खाली जातो. मी सर्वांना ‘सांगूनच टाका’ असं म्हणणार नाही, ज्याचं त्याचं कारण असतं. नाव न घेताही सांगता येतं. आजार कोणता, कोणाला, हे कोणी विचारायची गरज नाही, आणि तुमच्याकडे असा मेसेज आला तर तुम्हीही विचारू नका.

उलट बाजूने एक गोष्ट यजमानांनाही सांगते. कोणी शेवटच्या क्षणी ‘मुलाला बरं नाही, येत नाही’ म्हटलं की आपण म्हणतो, “अहो काही होत नाही, या, एवढं केलंय सगळं.” हा आग्रह बंद करूया. त्या दिवशी त्या मुलाची आई आली, त्यातला अर्धा वाटा माझा होता. सकाळी तिने फोन केला होता, “जरा कणकण आहे त्याला, येऊ ना?” आणि मीच म्हणाले होते, “या हो, साधीच सर्दी असेल.”

हा यंदाचा माझा मेसेज, काल ग्रुपवर टाकला. हवा असेल तर उचला, बदला:

“गणपतीला सगळ्यांनी यायचंय. आमच्या घरात एकाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी असते. त्यामुळे कोणाला ताप, खोकला, उलट्या-जुलाब किंवा अंगावर पुरळ असेल, किंवा ताप औषधाने उतरवलेला असेल, तर यंदा घरूनच नमस्कार करा. जुलाब-उलट्या थांबून ४८ तास झालेले असू देत. प्रसादाचा डबा दाराशी ठेवू, नाहीतर घरपोच आणून देऊ. येऊन गेल्यावर घरात कोणी आजारी पडलं तर लगेच कळवा, राग नाही, उपयोगच होतो.”

पहिला रिप्लाय त्याच मुलाच्या आईचा आला. ‘कोणाला’ असं तिने विचारलं नाही. फक्त लिहिलं, “मोदक किती पाठवशील?”